आतून गुळगुळीत, बाहेरून कुलूप

राजारामपुरीतल्या एका बोळातलं दार माझ्या डोळ्यांपुढून आजही हललेलं नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेतं पाहिली. ती कागदावर उतरली आणि हळूहळू पुसलीही गेली. हे दार पुसलं जात नाही. तिथं कुणी कुणाला मारायला निघालेलं नव्हतं, तरी माणूस मेला. आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत मेला, ते सगळे घरी जाऊन जेवले.

नावं घेणार नाही. ज्यांची घ्यायला हवीत त्यांची मुलंनातवंडं आजही त्याच गावात धंदा करतात, आणि त्यांचा यात काही दोष नाही. बाकी काही झाकणार नाही.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी नवा फौजदार. कॉलेजात असताना भिंतींवर चिकटवायची पत्रकं लिहीत असे. अंगावर वर्दी चढली तरी ती भाषा सुटली नव्हती, आणि पेन्शन सुरू झाली तरी सुटलेली नाही. ज्याला मऊ वाचायचं असेल त्यानं दुसरं काही वाचावं.

तेव्हा राजारामपुरीत मायक्याचं वेड आलं होतं. मायका म्हणजे लाकडी फळीवर चिकटवायचा तो चकचकीत पत्र्यासारखा तुकडा. असतो कागदच. कागदाचे थर रसायनात भिजवून, दाबून पक्के करतात आणि वर मेलामाइनचा थर देतात. सागवान महागलं, तसे लोक साध्या प्लायवूडवर सागवानाचं चित्र चिकटवू लागले. दवाखान्याचं टेबल, दुकानाचं काउंटर, घरातलं कपाट, सगळीकडे मायका. हळद सांडा, चहा सांडा, ओलं फडकं फिरवा, डाग गायब! विकणारा दुकानदार त्यावर कचकचून नख ओढून दाखवायचा आणि विचारायचा, "बघा पावणं, उठला का ओरखडा?"

गुजरीतल्या एका सराफानं राजारामपुरीत नवं दुकान घेतलं होतं. गुजरी म्हणजे कोल्हापूरची सराफांची जुनी पेठ. तिथलं दुकान अंधारं, लाकडी, आजोबांच्या वेळचं. नवं कसं, पांढराशुभ्र मायका आणि त्यावर सोनेरी ठिपके. उद्घाटन जवळ आलं होतं. आत दोन सुतार काम करत होते. एक मिस्त्री, बरीच वर्षं कोल्हापुरात राहिलेला. दुसरा त्याचा मेव्हणा, सख्ख्या बहिणीचा नवरा. शेतीत भागेना म्हणून मिस्त्रीनंच त्याला नेसरीहून आणला होता. बहीण नको म्हणत होती, तरी आणला होता.

त्या शुक्रवारी दिवेलागणीला दुकानात आगीचा भडका उडाला. मेव्हणा दाराशी जळून मेला. मिस्त्री मागच्या मोरीत हात धुवायला गेला होता म्हणून वाचला. पण मेव्हण्याला ओढताना त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

मी तेव्हा बाहेरगावी बंदोबस्ताला होतो. शनिवारी सकाळी ठाण्यात हजर झालो, तेव्हा आमच्या जमादारांनी प्रकरण जवळजवळ संपवूनच ठेवलं होतं. आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग मालकाचा जबाब. त्यात असं की, सुतार धूळ येऊ नये म्हणून आतून कडी लावून काम करत होते, मिस्त्रीनं बिडी पेटवली, चिकटवायच्या सोल्युशननं पेट घेतला. म्हणजे हयगयीनं मृत्यूस कारण, कलम तीनशे चार-अ. आरोपी मिस्त्री. सरकारी दवाखान्यात त्याच्या खाटेशी शिपाईही बसवून टाकला होता.

"बिडी कुणी बघितली?" मी विचारलं.

"शेठनी सांगितलं की."

"शेठ आत होते?"

"न्हाई, ते गुजरीत हुते."

"मग त्यांना गुजरीतून बिडी दिसली?"

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला टेकला होता आणि त्याला गुंता नको होता. "साहेब, सुतारमाणूस, वडत आसंल. आनि शेठ काय खोटं बोलत्यात व्हय? आंबाबाईच्या पालखीला खांदा देणारा माणूस हाय त्यो."

हे मी नोकरीभर ऐकलं. पालखीला खांदा देणारा खोटं बोलत नाही, आणि रंधा मारणारा बिडी ओढतोच! अर्धे गुन्हे आपण असेच उघडकीला आणतो आणि पाठ थोपटून घेतो.

मी जागेवर गेलो. समोरचं लोखंडी शटर खाली, त्याला बाहेरून कुलपं. ती उद्घाटनालाच निघायची होती. येजा बोळातल्या बाजूच्या दारानं. आत काळोख, ओल्या राखेचा आणि रबर जळल्याचा वास. सोल्युशनचा डबा फुटून उघडा पडला होता. आग फार वेळ टिकली नव्हती. दुकान रिकामंच होतं, जळायला आत होतं काय? हवेत साठलेली वाफ एकदम पेटली, भपकन सगळं उजळलं आणि संपलं. संपता संपता एक माणूस घेऊन गेली.

एका कोनाड्यात लक्ष्मीची तसबीर होती, काच तडकलेली. तिच्यापुढे पितळेचं निरांजन. ते मी पाहिलं, पंचांनाही दाखवलं आणि पंचनाम्यात घ्यायला लावलं. तेव्हा ते का घेतलं हे मला सांगता आलं नसतं.

मग दार पाहिलं. बाहेरच्या अंगाला पांढरा मायका, जवळजवळ कोरा. कडी-कोयंडा जागेवर. आतल्या अंगालाही नवा मायका. तो वरून फुगला होता, काळा पडला होता, एका कोपऱ्यानं उचलला होता. पण मायका मेणासारखा वितळत नाही, जळाला तरी आकार धरून राहतो. त्यावर काजळी बसली होती, आणि काजळीत वरून खाली ओढलेले बोटांचे पट्टे होते. एकदा नाही, पुन्हापुन्हा. खाली खाली येत गेलेले. मी रुमाल काढून एका पट्ट्याच्या कडेची काजळी पुसली. खाली ओरखडा नव्हता. दुकानदार खरं सांगत होता. नखानं ओरखडा उठत नाही.

मी बोळात येऊन उभा राहिलो. समोर एक दवाखाना होता. तिथली आया बादली घेऊन गटारीशी आली आणि पाणी ओतता ओतता, मान वर न करता बोलली.

"साहेब, वर बघू नगासा. डॉक्टर खिडकीत हाईत."

मी चपलेचा बंद सोडवायला वाकल्यासारखं केलं. बूट घातलेत हे लक्षात आल्यावर बुटाची लेस ओढली.

"दार भाईरनं बंद हुतं. कुलूप. आतनं वरडायला लागलेला त्यो. शेठ किल्ली घिऊन आला तवा उघडलं. समद्या बोळानं बघितलंय."

"बाई, जबाब द्याल?"

"माज्या पोटावर पाय दिता व्हय? शेठ डॉक्टरच्या घरचं सोनं करतोय. मी काय बोललो न्हाई, तुमी काय आयकला न्हाईसा." बादली उचलून ती गेली.

आता मला सत्य माहीत होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. पोलिसाची ही अवस्था लोकांना कळत नाही. माहीत असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. मी बोळातल्या प्रत्येक दुकानात गेलो. शिकलेली, चष्मा लावणारी, गणपतीची वर्गणी गोळा करणारी माणसं. एक म्हणाला, गर्दीत दिसलं नाही. दुसरा म्हणाला, मी पाण्याची बादली आणायला आत गेलो होतो. तिसऱ्यानं तर मलाच विचारलं, "फौजदारसाहेब, गेलेला माणूस परत येणाराय का? मग चांगल्या माणसाची अब्रू कशाला घालवायची?" म्हणजे अब्रू शेठला होती. मिस्त्रीला नव्हती. त्याला काय, बिडीवर ढकला आणि तुरुंगात पाठवा!

सरकारी दवाखान्यात गेलो तर वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून मयताची बायको बसली होती. म्हणजे मिस्त्रीची धाकटी बहीण. दाराकडे पाठ. भाऊ आत खाटेवर, पण ती आत गेली नव्हती. शवागाराशी तिला आमच्याच कुणीतरी सांगून टाकलं होतं, तुझ्या भावाच्या बिडीनं घात झाला. पोलिसाच्या तोंडून सुटलेला शब्द लोक कोर्टाच्या निकालासारखा धरतात. आम्ही मात्र तो पान थुंकल्यासारखा टाकतो.

मला बघून ती उठली. रडत नव्हती.

"तुमीच का नवं साहेब?"

"हो."

"त्याला सोडू नगासा."

"तुमचा भाऊ बिडी ओढतो?"

"गावात हुता तवा न्हवता वडत. शहरात काय काय शिकला, मला काय म्हाईत? मी म्हटलोतो, न्हिऊ नगं त्यांस्नी. न्हेलास की आण्णा. आनि असं आणून दिलास." हे शेवटचं माझ्याशी नव्हतं, बंद दाराशी होतं.

मला त्या क्षणी कळलं की या प्रकरणात पणाला काय लागलंय. शेठला शिक्षा होईल न होईल. पण हा माणूस तुरुंगातून सुटला तरी या बाईच्या दारात आयुष्यभर खुनीच राहणार होता.

आत मिस्त्री पडलेला. दोन्ही हात पट्ट्यांत. डोळे छताला.

"बिडी कुणी पेटवली, मिस्त्री?"

"लिवा की साहेब, मीच."

मी त्याचे कपडे मागवले. खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. मयताच्या अंगावरच्या वस्तूंतही तेच. दोघांपैकी कुणाजवळही काडेपेटी नव्हती. दिवसभर भुशात बसणारे पुष्कळ सुतार बिडीच्या वाटेला जात नाहीत, तंबाखू मळतात.

"काडेपेटी कुठाय तुमची?"

त्यानं डोळे मिटले.

"बिडी काय घासून पेटवली?"

"साहेब, कशाला खणताय? मी म्हणतोय न्हवं, लिवा म्हणून."

माझ्या अनुभवात गुन्हेगार इतक्या लवकर कबूल होत नाही. इतक्या लवकर कबूल होतो तो दुसऱ्याच कशाची तरी शिक्षा मागत असतो. मी खुर्ची ओढून बसलो. शिपायाला बाहेर पाठवला.

"बरं. आतून कडी तुम्ही लावली की मेव्हण्यानं?"

पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं पाहिलं. "कडी? कडी कुठली आतनं? दाराला मायका बसवायचा म्हंजे आदी दार उगडंबोडकं करायला लागतंय. आतली कडी, मूठ, समदं काढून पिशवीत ठेवलेलं. मायका बसला का मग भोकं पाडून पुन्यांदा लावायचं. सकाळी लावणार हुतो."

"मग दार नुसतं लोटलं होतं?"

"आमी लोटलेलं. धूळ बसती, पंखा बी लावता येत न्हाई. सोल्युशन लावून वाळू द्यायचं, मग चिकटवायचं. बारकं खडं घावलं तरी वर फोड येतोय. पण सांजला शेठ आलं न्हवं."

आणि मग त्यानं सांगितलं. शेठ रोज सांजेला नव्या दुकानात यायचे, लक्ष्मीपुढं दिवा लावायचे आणि जाताना बाहेरून कुलूप घालून जायचे. मग तासाभरानं जुनं दुकान बंद करून येताना काढायचे. तोवर हे दोघं आत. कारण काय? सराफकट्ट्याची रीत! सोनाराचा कारागीर कामाला बसला की बाहेरून कुलूप. उठताना झडती, मग घरी. पिढ्यान्‌पिढ्या. ती रीत शेठनी उचलली आणि जशीच्या तशी सुतारांना लावली. त्या दुकानात तेव्हा सोन्याचा कणही आलेला नव्हता.

"त्या दिवशी वास लई हुता," मिस्त्री म्हणाला. "काउंटर आनि दार एकदमच धरलेलं. मी म्हटलं, शेठ, आज दिवा नगं, सोल्युशन पेट घेतंय. तर म्हणालं, शुक्रवारचं लक्ष्मीला अंधारात ठिवू व्हय? सुतारकी करा, देव मला ठावं हाय. लावलं आनि कुलूप घालून गेलं."

"मग तुम्ही विझवायचा होता."

हे बोलायला नको होतं असं तोंडातून निघताच वाटलं. तो भिंतीकडं वळला.

"त्यो म्हणाला हुता. दाजी. म्हणाला, आण्णा, विझवू या का? मी म्हटलं, देवाचा दिवा फुकून विझवायचा न्हाई, आपोआप शांत हुईल. आनि मोरीत गेलो." त्यानं पट्टीतले हात उचलून बघितले. "माजं ऐकला त्यो, साहेब. म्हणून म्हणतोय, लिवा."

एवढं सगळं झालं तरी ते आरोपीचं म्हणणं होतं. आरोपी काय, म्हणणारच. मी परत बोळात गेलो, जमादारांना आणि पंचांना घेऊन. दाराच्या आतल्या अंगावर कंदील धरून कडीची जागा पाहिली. मूठ जिथं असते ती जागा पाहिली. वरपासून खालपर्यंत हात फिरवला. नवा मायका अखंड होता. एकसुद्धा भोक नाही. जिथं स्क्रू बसायचं भोकच पडलेलं नाही, तिथं कडी लागली कशी? आणि मिस्त्रीच्या हत्यारांच्या पिशवीत, एका फडक्यात बांधलेले कडी, मूठ आणि सगळे स्क्रू मिळाले. शेठचा जबाब तिथंच कोसळला. दार आतून लागूच शकत नव्हतं. इतकंच काय, ते आत उघडणारं दार ओढायलासुद्धा आतल्या माणसाच्या हाताला काही नव्हतं. मी पुन्हा ते पट्टे पाहिले आणि दुसरीकडं बघू लागलो.

"दार बिजागरीतून काढा," मी म्हणालो. "मुद्देमालात घ्यायचंय."

"आख्खं दार?" जमादार म्हणाले. "साहेब, लोकं चोर आणत्यात ठाण्यात. आपण दारं आणायला लागलो व्हय?" पण हात लावला तो त्यांनीच पहिला. आणि दार उलटं करताना ते पट्टे त्यांना उजेडात दिसले, तेव्हा त्यांनी टोपी काढली. त्यानंतर त्यांनी या प्रकरणात बिडीचं नाव काढलं नाही.

रविवारी शेठना बोलावलं. आले ते एकटे नाहीत, गुजरीतले दोन प्रतिष्ठित सराफ घेऊन आले. मला हवं होतंच. दार मी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीला टेकून ठेवलं होतं, बाहेरचं अंग पुढं करून. शेठ त्याच्यापुढंच बसले.

चोराला ठाण्यात घाम फुटतो. सभ्य माणसाला राग येतो. शेठना रागच आला होता.

"फौजदारसाहेब, माझं दुकान जळलं. आणि मलाच बोलावताय?"

"चहा घ्या, शेठ. शुक्रवारी तुम्ही नव्या दुकानात गेला होता?"

"नाही. जुन्या दुकानात होतो. कळल्यावर धावत आलो."

"दार?"

"आतून कडी. लोकांनी धक्के मारून उघडलं. जबाबात दिलंय मी."

मी लिहीत राहिलो. चहा आला. मी उगाच देवाच्या गोष्टी काढल्या. तसबीर छान आहे म्हणालो, काच तेवढी तडकली. शेठ जरा सैल झाले.

"वास्तुशांतीला बसवली. आमच्या आजोबांची ती तसबीर."

"पूजा कोण करतं? सुतारांनी हात लावला असेल, धूळबिळ पुसताना?"

"छ्या! माझ्याशिवाय कुणी शिवायचं नाही. तशी ताकीदच हाय."

"दिवाबत्तीही तुम्हीच?"

"मीच. रोज तिन्हीसांजेला."

"दगदग होते शेठ. एखादा दिवस राहतच असेल."

"एक दिवस खाडा नाही!" त्यांनी छातीवर हात ठेवला आणि सोबतच्या दोघांकडं पाहिलं. "ताप होता तरी गेलतो की नाही, विचारा यांना." दोघांनी माना हलवल्या.

मी पेन खाली ठेवलं.

"मग या शुक्रवारी लक्ष्मी अंधारात होती?"

  शेठनी कप खाली ठेवला. नाही म्हणावं, तर शुक्रवारी सांजेला सराफाच्या लक्ष्मीपुढं दिवा लागला नाही, हे त्यांना स्वतःच्या तोंडानं, गुजरीतल्या दोन माणसांपुढं सांगावं लागणार होतं. हो म्हणावं, तर ते दुकानात गेले होते. माणूस मेला ते त्यांना पचलं होतं. मिस्त्री तुरुंगात जाईल हेही पचलं होतं. पण लक्ष्मी अंधारात होती, हे त्यांच्या तोंडून निघेना.

"लावला," ते म्हणाले. "लावून लगेच गेलो."

"कुलूप घालून?"

"आतून कडी..."

मी जमादारांना खूण केली. त्यांनी दार फिरवलं. काळं अंग पुढं आलं.

"दाखवा शेठ. कडी कुठं होती? बोट ठेवा फक्त."

शेठ बघत राहिले. सोबतच्या दोघांपैकी वयस्कर होते ते उठून दाराजवळ गेले, वाकले, त्या पट्ट्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "हे काय?"  मग त्यांनाच कळलं. ते खुर्चीवर परत येऊन बसले नाहीत, उभेच राहिले.

शेठ एकदम उसळले. "काय चुकलं माझं? आमच्या धंद्यात रीतच हाय ती! कारागीर आत, कुलूप बाहेर. आज्यापासनं हाय. मला काय स्वप्न पडलं होतं आग लागायचं?"

"आत सोनं होतं?"

"नाही अजून."

"चांदी?"

"नाही."

"मग कुलूप कशाला?"

"सवय," शेठ म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "सवय हो साहेब."

पोलिसापुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही, हे कायद्याचं पहिलं पान आहे. पण ते वयस्कर सराफ पोलीस नव्हते. त्यांनी तिथंच जबाब दिला. शेठ शुक्रवारी दिवेलागणीला किल्ली घेऊन जुन्या दुकानातून निघाले आणि परत आले हे त्यांनी शेजारून पाहिलं होतं. ते बोळात पोचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात दवाखान्यातली आया आली. "लिवा माजं नाव," म्हणाली. "डॉक्टरनं काडलं तर दुसरी चार घरं हाईत." मग काय, बोळाला कंठ फुटला! ज्याला गर्दीत दिसलं नव्हतं त्याला कुलपाचा रंगसुद्धा आठवला. बादली आणायला गेलेला म्हणाला, मीच शेठना बोलवायला माणूस पळवला. ही धीट माणसं शनिवारी कुठं होती? मी प्रत्येकाचा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि एकालाही चहा पाजला नाही.

मिस्त्रीचं नाव आरोपींतून वगळण्याचा अहवाल गेला. खाटेशेजारचा शिपाई उठवला. शेठवर हयगयीनं मृत्यू आणि बेकायदा कोंडून ठेवणं, दोन्ही कलमं लावून दोषारोपपत्र दाखल केलं. वरून फोन आले. काय बोलले ते लिहीत नाही, सगळ्या फोनांवर सारखंच बोलतात.

मिस्त्रीला दवाखान्यातून सोडलं, तेव्हा मी त्याच्याबरोबर नेसरीला गेलो. याला कायद्यात कलम नाही. पण ज्या खात्याच्या तोंडून तो शब्द गावात गेला, त्याच खात्याच्या तोंडून तो मागं यायला हवा होता. शेजारपाजार गोळा झाला. मिस्त्री उंबऱ्याबाहेरच थांबला. मी सगळ्यांदेखत सांगितलं. बिडी नव्हती. कडी नव्हती. दिवा शेठनी लावला, कुलूप शेठनी घातलं. दिवा विझवायचं बोलणं मी सांगितलं नाही. ते मिस्त्रीनंच सांगितलं. मी डोळ्यांनी नको म्हणत होतो, तरी सांगितलं. खाली बघत, पट्टीतले हात पुढं धरून.

बहिणीनं ते हात पाहिले. मग तिनं मलाच विचारलं.

"साहेब, कुलूप घालाय आत हुतं तरी काय?"

"काही नव्हतं, बाई. दोन माणसं होती."

"म्हंजे त्याच्या लेखी कायच न्हवतं की." ती उठली, आत गेली, तांब्या भरून आणला. भावाला हातात धरता येईना, तेव्हा तिनं तो त्याच्या तोंडाला लावला. "पी, आण्णा. फुकून विझिवला असतास तर मी बी तुला बोललो असतो."

कोर्टात वर्षं गेली. शिक्षा झाली. ती किती झाली हे लिहायची मला लाज वाटते, म्हणून लिहीत नाही. शेठ सुटून आले आणि लोक त्यांना पूर्वीसारखाच नमस्कार करू लागले. नव्या दुकानाचं उद्घाटनही थाटात झालं. कोनाडा, काउंटर, दार, सगळीकडं नवा मायका.

लोक मला विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं? दुष्ट माणसांची भीती बाळगू नका, एवढं शिकवलं. ती थोडी असतात आणि ओळखू येतात. भीती बाळगा ती आज्यापासूनच्या सवयीची. जी सवय विचारत नाही की आत कोण आहे, फक्त किल्ली खिशात आहे ना हे चाचपून बघते. आणि भीती बाळगा त्या बोळाची, जो सगळं बघतो आणि कुणाची अब्रू मोठी याचा हिशेब करून मगच बोलतो.

त्यानंतर मी जिथं जिथं बदलून गेलो, तिथं संध्याकाळच्या फेरीत एक काम न चुकता करत असे. एखाद्या दुकानाच्या, वखारीच्या, कारखान्याच्या फटीतून उजेड दिसला आणि दाराला बाहेरून कुलूप असलं, की मी दंडुक्यानं दार ठोकायचो. आतून "कोण हाय?" असा आवाज आला, की मालकाला घरून उठवून आणायला लावायचो आणि माझ्यासमोर कुलूप काढायला लावायचो. मालक चिडायचे. म्हणायचे, साहेब, आतल्यांची काही तक्रार आहे का? विचारा की त्यांनाच!

मी विचारायचो. आतली माणसं मालकाकडं बघायची आणि म्हणायची, न्हाई साहेब, कायबी तक्रार न्हाई. मी दरवेळी ते उत्तर ऐकून घ्यायचो, आणि कुलूप तरीही जप्त करायचो.